हिला जरा धर गं

सहार विमानतळाच्या दारात, जिथे लोक हार घालतात, पेढे भरवतात आणि डोळे पुसतात, तिथे माझ्या सासूबाई फुटपाथच्या कडेला बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, दोन्ही पाय गटाराच्या जाळीकडे पसरले आणि मला म्हणाल्या, "दे तिका हंय."

तिका म्हणजे माझ्या लेकीला, प्राजूला. सव्वादोन वर्षांची, अंगात फुग्याच्या बाह्यांचा नवा फ्रॉक, डोक्यावर दोन शेंड्या. आम्ही दोघी कॅनडाला निघालो होतो. तिचा बाप वर्ष-सव्वा वर्षापूर्वीच पुढे गेला होता. मरोळच्या कारखान्यात टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवायचा. तिकडे त्या कामाला माणसं हवी होती. आता त्याने आम्हाला बोलावलं होतं. ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं, आणि वाकोल्याच्या आमच्या चाळीतून परदेशी निघालेल्या बायकांमध्ये मी पहिली. त्यामुळे निम्मी चाळ टेम्पोत बसून मला पोचवायला आली होती.

आणि या सगळ्यांच्या देखत सासूबाईंनी प्राजूची चड्डी उतरवली, तिला आपल्या दोन पावलांवर बसवलं आणि सुरू केलं, "शूऽऽ, शूऽऽ. कर गो बाय माझ्या, कर."

माझे वडील मुलुंडचे, ऑफिसात हेडक्लार्क. ते एकदम घड्याळात बघायला लागले. माझी आई हळूच म्हणाली, "अहो विहीणबाई, आत असेल हो सोय." सासूबाई म्हणाल्या, "आतली सोय आत. हंयली हंय." एवढ्यात काठी आपटत हवालदार आला. "ओ मावशी, इथे नाही करायचं. एअरपोर्ट आहे हा."

"गप रव रे झिला. तू काय वर्दी घालूनच जन्माक इलंस?"

हवालदार सासूबाईंच्याच मालवणाकडचा असावा. त्याने हसू दाबलं आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, लोकांना पलीकडून जायला सांगत. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. शेजारून सूटबूटवाले, बॅगांच्या ट्रॉल्या ढकलत चाललेले लोक वळून वळून बघत होते. प्राजूने आजीच्या गुडघ्यांना धरून, आरामात, सगळं उरकलं. सासूबाईंनी तिला पुसलं, चड्डी चढवली आणि पिशवीतून अ‍ॅल्युमिनियमचं टमरेल काढून माझ्या खांद्यावरच्या बॅगेत कोंबलं. हेच टमरेल मी घरी दोनदा बाहेर काढून ठेवलं होतं. "ह्या वांगडा असांदे," त्या म्हणाल्या, म्हणजे हे बरोबर असू दे. "थंय पाणी नसता म्हणतत."

मग त्यांनी प्राजूला कडेवर घेतलं आणि दारापर्यंत आल्या. दारातून पुढे फक्त तिकिटवाल्यांना जाता यायचं. त्या रडल्या नाहीत. तोंडाने आशीर्वादही दिला नाही. पोर माझ्याकडे सरकवून नुसतं म्हणाल्या, "धर."

हा 'धर' शब्द आमच्या चाळीत दिवसातून किती वेळा ऐकू यायचा! मी मुलुंडच्या बिल्डिंगमधली, दार लावून घेणाऱ्या घरातली. लग्न होऊन वाकोल्याला आले आणि पहिले सहा महिने नुसती धुसफुसत होते. एका खोलीत संसार, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला सगळ्यांना मिळून. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं मध्येच थांबवायचं आणि ते गेल्यावर पुढे चालू करायचं. आणि दारं? सताड उघडी! कोणीही यावं, कोणीही डोकवावं. मी तोंडाने फटकळ. नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं की ही काय राहायची जागा आहे?

पण प्राजू झाली आणि त्या उघड्या दारांचा अर्थ मला कळला. नळाला पाणी आलं, संडासाला जायचं आहे, रॉकेलवाला हाक मारतोय, की पोर उचलायचं, जे दार जवळ असेल त्यात उभं राहायचं आणि म्हणायचं, "हिला जरा धर गं." बस. समोरचीचे हात कणकेचे असोत की साबणाचे, ती कोपरात का होईना, पोर घ्यायची. कधी आणायला गेले तर प्राजू तिसऱ्याच घरात भात खात असायची. मी मरोळला टायपिस्ट होते, सकाळी निघायचे ती संध्याकाळी परत. पोर वाढवलं ते सासूबाईंनी आणि त्या गॅलरीने.

सासूबाईंचं एक पक्कं होतं. आमच्याकडे पोरं ओली राहत नाहीत. प्राजूची मान धरते ना धरते तोच त्यांनी तिला पायांवर बसवायला सुरुवात केली. मोरीच्या कट्ट्यावर पाट ठेवून बसायचं, पाय पुढे पसरायचे, टाचा टेकवायच्या, पावलांत फट ठेवायची आणि पोराला त्या दोन पावलांवर बसवायचं. दूध झालं की पायांवर, झोपून उठली की पायांवर. तोंडाने शूऽऽ शूऽऽ. आठव्या महिन्यात ही कार्टी खूण करून सांगायला लागली. चाळभर नाव झालं. दुसऱ्यांची पोरं दुपटी भिजवत लोळायची आणि आमची राजकन्या कोरडी ठणठणीत.

नवऱ्याने एकदा फोनवर सांगितलं होतं की प्रवास लांबचा आहे, तिकडे पोरांना कागदाचे लंगोट लावतात, कुठे मिळाले तर बघ. सासूबाई थक्क झाल्या. "कागदात? माणसाचा पोर कागदात शी करता?" आमचं दोघींचं कधी कशावर एकमत व्हायचं नाही, पण यावर झालं. मी म्हटलं, कशाला हवेत? आमची सांगते. आमची शहाणी आहे.

शहाणी होती, पण ती आजीच्या पायांवर. मी रविवारी कधी बसवायला गेले तर दोन मिनिटांत उठायची. "तुझे पाय टोचतात," म्हणायची, आणि 'आजीऽऽ' करून हाक मारायची. मी हसायचे, पण वाईट वाटायचं. पोर माझं, आणि माझे पाय तिला टोचतात!

विमानात आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली. खिडकी लांब. विमान उठलं तेव्हा मी मान ताणून बघितलं, पण वाकोला काही दिसला नाही. चाळीतली पोरं रोज ज्यांना हात करायची त्यांतल्याच एका विमानात आम्ही बसलो होतो, आणि प्राजू विचारत होती, "आई, विमान कुठंय?" विमान म्हणजे वर आभाळात दिसणारी गोष्ट, एवढंच तिला ठाऊक. मी सांगितलं, आपण विमानातच आहोत. तिला ते पटलं नाही. मग म्हणाली, "आजीला टाटा कुठून करू?" मी तिला छताकडे हात करायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

माझ्या एका हाताला रस्ता, दुसऱ्या हाताला एक सूटवाले गृहस्थ. त्यांनी बूट काढले, डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि ते झोपून गेले. हवाईसुंदरी संत्र्याचा रस घेऊन आली. मागाल तितका! प्राजूने आयुष्यात असा रस पाहिला नव्हता. ग्लासावर ग्लास रिचवले. मलाही कौतुक वाटलं. पिऊ दे म्हटलं.

मग तिने खूण केली. मी तिला उचलून मागे घेऊन गेले. दार उघडलं तर आत अंधार. कडी लावली तेव्हा कुठे दिवा लागला. आमच्या मोरीच्या निम्मी जागा, त्यात कमोड, बेसिन, आरसा. पाय पसरायचे कुठे? मी म्हटलं, आधी हे काय आहे ते तिला दाखवू, म्हणजे घाबरणार नाही. आणि मी शहाणीने बटण दाबलं.

अरे देवा! वाघ डरकाळी फोडतो तसा तो कमोड गरजला आणि सगळं आत ओढून गेला. प्राजूने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की श्वास घेता येईना. किंचाळून किंचाळून लाल झाली. बाहेर आलो तेव्हा सगळं विमान आमच्याकडे बघत होतं. त्यानंतर त्या दाराच्या दिशेने पाऊल टाकलं तरी ती ताठ व्हायची.

हवाईसुंदरी चांगली होती बिचारी. तिने कपाटातून एक कागदाचा लंगोट आणून दिला, कसा लावायचा तेही दाखवलं. मी लावला. म्हटलं, गेलं सगळं खड्ड्यात, कर आता यात. प्राजू दोन सीटांच्या मध्ये पाय फाकवून उभी राहिली. तिला काय करायचं ते समजलंच नाही. मी कानात सांगितलं, "कर शू, चालतं." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. "ओलं नाई करायचं," ती म्हणाली. "आजी ओरडेल." मागच्या रांगेत एक गोरं बाळ तसलाच लंगोट लावून मजेत खिदळत होतं. ओलं झालेलं असणार, त्याला काय त्याचं? आमच्या पोरीला आम्ही दोघींनी मिळून शिस्त लावली होती. आता त्या शिस्तीनेच आमची वाट लागली.

वेळ जाईना. पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानात दिवस संपतच नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? खिडकीतून तेच पांढरं ऊन. प्राजू मांडीला मांडी दाबून बसलेली. आणि खरं सांगू? मीही. सकाळी घरून निघताना गेले होते ती तेवढीच. मला जायचं होतं हो! पण हिला द्यायचं कोणाकडे? आत घेऊन गेले तर ती किंचाळणार. दार उघडं ठेवलं तर दिवा लागणार नाही आणि लोक बघणार. सीटवर एकटी ठेवली तर पळणार. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, 'प्लीज होल्ड माय बेबी,' आणि सूटवाल्यांकडे बघितलं. ते घोरत होते. हवाईसुंदरी ट्रॉली ढकलत होती, तिला चार माणसं चार गोष्टी मागत होती. चाळीत जे वाक्य मी श्वास घ्यावा तितक्या सहज बोलत होते, ते इथे बोलायला माणूसच नव्हतं. एवढ्या माणसांत मी इतकी एकटी कधीच नव्हते.

हळूहळू प्राजूचं पोट टणक लागायला लागलं. हात लावला की कळवळायची. आधी रडत होती, मग रडायचीही थांबली आणि नुसती कण्हायला लागली. हिला काही झालं तर? इथे कुठला डॉक्टर? हिच्या बापाला काय सांगू? मी परत एकदा तिला उचलून मागे नेलं, आत न जाता दारातच उभी राहिले, शूऽऽ करून बघितलं. ती म्हणाली, "तू नको. आजी."

"आजी नाही इथे, राजा."

"आजीकडे चल."

हे मी विमानतळावर बोलले नव्हते, टेम्पोत बोलले नव्हते, महिनाभर बांधाबांध करताना कोणाशीही बोलले नव्हते. आता बोलावं लागलं. "आजीकडे नाही जाता येणार." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिथेच, लोकांच्या ये-जा करायच्या वाटेत, पदराने तोंड झाकून रडले.

लंडनला विमान थांबलं. बरेच लोक उतरले. आम्हाला पुढे कॅनडाला जाणाऱ्यांना बसून राहायला सांगितलं. इंजिनाचा आवाज बंद झाला आणि इतकी शांतता पसरली की कान दुखायला लागले. मागचा भाग सगळा रिकामा. मी विचार केला नाही. बॅग उचलली, पोर उचललं आणि अगदी शेवटी, मागच्या दाराजवळ जिथे थोडी मोकळी जमीन होती, तिथे गेले. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं दुपटं अंथरलं. खाली बसले. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पाय पसरले, मध्ये ते टमरेल ठेवलं, प्राजूचा लंगोट सोडला आणि तिला पावलांवर बसवलं.

"टोचतात," ती म्हणाली, पण उठली नाही. उठायची ताकदच नव्हती.

शूऽऽ करायला गेले तर तोंडाला कोरड. हवा नुसती. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण काही होईना. आणि मग माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच कळलं नाही. "कर गो बाय माझ्या, कर. कोणाक घाबरतंस? आजी हंयच बसली हा. कर."

लग्नाला चार वर्षं झाली होती. मालवणी मी कधी बोलले नव्हते. माहेरी गेले की सासूबाईंची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे, तेवढीच. प्राजू कण्हायची थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं. गुडघ्यांना घट्ट धरलं. आणि टमरेलात आवाज झाला. आधी थेंब थेंब, मग धार, आणि मग थांबायचं नावच नाही! मी हसत होते, रडत होते, आणि तोंडाने चालूच, "कर गो बाय, कर."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि झाडूवाल्या बायका बादल्या घेऊन आत आल्या. त्यांतली एक माझ्यासमोरच येऊन उभी राहिली. पन्नाशीची, वर निळा डगला, खाली सलवार, पिकली वेणी. मी तशीच बसलेली, पाय उघडे, टमरेल भरलेलं. म्हटलं, संपलं. आता ओरडणार, साहेबाला बोलावणार, आम्हाला इथेच उतरवणार.

तिने बादली खाली ठेवली. "हाय रब्बा," ती म्हणाली, "पैरों पे बिठाया है! मेरी बीजी, मेरी माँ, ऐसे ही बिठाती थी." आणि वाकून तिने ते टमरेल उचललं, आत जाऊन ओतलं, धुऊन आणलं. मी नको नको म्हणत राहिले. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझा चेहरा कसा दिसत होता देव जाणे. "और तू?" तिने विचारलं. "तू गई कि नहीं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ला, इसे मुझे पकड़ा. जा."

मी मागितलंही नव्हतं. तिने हात पुढे केले आणि प्राजू, जी हवाईसुंदरीला हात लावू देत नव्हती, ती मुकाट्याने तिच्याकडे गेली. मी आत गेले. कडी लावली. दिवा लागला. किती वेळ मी आत होते माहीत नाही. रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून बेसिनचा नळ दाबून धरला होता.

बाहेर आले तर ती बाई एका सीटवर बसली होती, प्राजू तिच्या मांडीवर, आणि ती तिच्या सुटलेल्या शेंड्या नीट बांधत होती. म्हणाली, तिचीही नात एवढीच आहे, इथेच जन्मलेली. "मेरी गोद में नहीं बैठती. कहती है, दादी से फिनाइल की बू आती है." हसून म्हणाली, पण हसू काही खरं नव्हतं. पुढून कोणीतरी तिला हाक मारली. तिने प्राजूला माझ्याकडे दिलं, तेही लगेच नाही, एकदा घट्ट धरून मग दिलं. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

कॅनडात नवरा विमानतळावर मोठाली जाकिटं घेऊन उभा होता. केस कमी झालेले, अंगाने सुटलेला. प्राजू माझ्या पदरात शिरली. "मला ओळखलं नाही?" तो म्हणाला. मी सवयीने म्हटलं, "हिला जरा धर," आणि दिली, तर तिने असा टाहो फोडला की परत घ्यावी लागली. त्या माणसाचे पुढे केलेले हात तसेच राहिले. मला त्याचीही दया आली.

आम्ही राहायचो ती इमारत उंच, लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं आणि सगळी बंद. मला हवं होतं तसं! मुलुंडला होतं त्याहून बंद. शेजारी कोण राहतं ते मला हिवाळा संपेपर्यंत कळलं नाही. नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या, तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. बाथरूम चकचकीत, पण मोरी नाही. खाली पाणी सांडलं तर जायला वाटच नाही. मी टबाच्या काठावर बसायचे, पाय आत सोडायचे आणि प्राजूला पावलांवर घ्यायचे. आता ती 'टोचतात' म्हणायची नाही. माझे पाय तिने पत्करले होते. दुसरे होतेच कुठे? मला मात्र जायचं असेल तेव्हा ती झोपायची वाट बघायची, नाहीतर दार उघडं टाकायचं आणि ती उंबऱ्याशी चमचे वाजवत बसायची. वाकोल्याला मागे राहिलेल्यांनो, तुम्ही विचारायचात ना, तिकडे काय काय कमी आहे? तेव्हा मी लोणचं, कढीपत्ता असं काहीतरी सांगायचे. हे कसं सांगणार?

मग ती नर्सरीत जायला लागली. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "आय कॅन डू इट मायसेल्फ." बाथरूममध्ये गेली आणि आतून दार लावून घेतलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी दाराबाहेर उभी होते, अनवाणी. पोरगी मोठी झाली याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला त्या क्षणी फार पोरकं वाटलं.

सासूबाईंना फोन करायचा म्हणजे चाळीखालच्या वाण्याकडे. तो वर हाक मारायचा, त्या जिना उतरून येईपर्यंत मी फोन धरून ठेवायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला. बर्फाचं नाही, घराचं नाही. "शी-शू नीट करता मा गो ता?" त्या वेळी मी सांगितलं, "आई, आता ती स्वतः जाते. कमोडवर. दार लावून."

त्यांच्या डोक्यावरून एक विमान गेलं, ते मला फोनमध्ये ऐकू आलं. ते जाईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बरा झाला गो. माझे पाय मोकळे झाले."

मग त्यांनीच विचारलं, "आणि तू? तू जातंस तेव्हा तिका कोण धरता?"

माझ्या सख्ख्या आईने कधी हे विचारलं नव्हतं. ती विचारायची, स्वेटर पुरतात का, फ्रीज केवढा आहे. नवऱ्याच्या लक्षातही आलं नव्हतं. वाकोल्याच्या वाण्याच्या दुकानात, साखरेच्या पोत्याशेजारी उभ्या असलेल्या त्या बाईच्या डोक्यात हे आलं. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "कोणी नाही, आई." आणि फोनवर हमसून हमसून रडले.

रडू नको, असं त्या म्हणाल्या नाहीत. माझं रडणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे दार उघडा ठेव. लाज कसली? आपलाच घर मा."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. तार आली तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि मला जाता आलं नाही. त्यांचा चेहरा आता नीट आठवत नाही. पाय आठवतात. भेगा पडलेल्या टाचा, आणि रोज संध्याकाळी खोबरेल लावून मऊ ठेवलेली पावलं. तेल का लावायच्या, ते मला तिथे असताना कधी सुचलं नव्हतं. पोराला टोचू नये म्हणून!

आता वाकोल्याची चाळ पाडली. तिथे टॉवर आहे, प्रत्येकाला घरात संडास, प्रत्येकाला जाड दार. मागे राहिलेल्यांनो, मला सांगाल का, तुम्ही आता पोर कोणाकडे देता? माझा नवरा गेला त्याला काही वर्षं झाली. प्राजू विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहते. तिला मुलगी झाली तेव्हा मी गेले होते. एकदा बाळ दूध पिऊन उठलं आणि मी आपोआप खाली बसून पाय पसरले. प्राजू म्हणाली, "आई, नको. इथे असं करत नाहीत. ती तयार झाली की सांगेल." खरंच आहे तिचं. मी पाय जवळ घेतले. भांडले नाही. तिला त्या विमानातलं काहीही आठवत नाही, आणि टमरेल माझ्या कपाटात आहे हेही तिला ठाऊक नाही.

माझ्यासारख्या इकडे आलेल्या बायका भेटल्या की कधीतरी विषय निघतो, तुझं घर नेमकं कुठलं, इथलं की तिथलं? कोणी गावाचं नाव घेतं, कोणी मुलांचं. मला एकच सांगता येतं. ज्या दारात उभं राहून मी 'हिला जरा धर गं' म्हणू शकत होते, ते माझं घर. आणि एकदा, थोडा वेळ, लंडनमध्ये उभं असलेलं रिकामं विमान.

आता या घरात तीन बाथरूम आहेत आणि माणूस मी एकटी. धरायला पोर नाही, बघायला कोणी नाही. तरी मी कडी लावत नाही. दार अजून उघडंच ठेवते.